दराची फोड

वैद्याची पुडी, ज्योतिषाचे भाकीत आणि वायरमनचे एस्टिमेट या तीन गोष्टींची फोड मागू नये, अशी आपल्याकडे जुनी रीत आहे. पुडीत काय आहे ते वैद्य सांगत नाही. शनीने किती पीडा दिली आणि मंगळाने किती, याचे टक्के ज्योतिषी मांडून देत नाही. आणि वायरमन ‘सगळं मिळून’ या दोन शब्दांच्या पुढे जात नाही. वैद्य आणि ज्योतिषी यांच्यापुढे आपण गप्प बसतो, कारण एकाकडे आपला जीव अडकलेला असतो आणि दुसऱ्याकडे मुलीचे लग्न. वायरमनकडे मात्र नुसते पैसेच अडकले आहेत असे आपण धरून चालतो आणि म्हणून त्याच्याशी हुज्जत घालतो. जीव तिथेही अडकलेला असतो, पण तो भिंतीत असल्यामुळे दिसत नाही.

मी बोईसरला राहतो. आमच्या भागात नावांचा थोडा घोटाळा आहे. औद्योगिक वसाहतीला म्हणतात तारापूर, पण ती पसरली आहे बोईसरच्या अंगणात. तारापूरच्या अणुवीज केंद्रात कामाला जायचे तर गाडीतून उतरायचे बोईसरला. खुद्द तारापूर गाव आपला जुना किल्ला सांभाळीत समुद्राकाठी स्वस्थ बसले आहे. 2013 साली मुंबईची लोकल डहाणूपर्यंत धावू लागली, 2014 च्या 1 ऑगस्टला ठाण्यातून वेगळा निघून पालघर जिल्हा झाला, आणि पालघर-बोईसरच्या रस्त्याला इमारतींचे पीक आले. इमारतींच्या मागोमाग वायरमन आले. तसेही या मुलखाचे आणि विजेचे नाते जवळचे. भारतातले पहिले अणुवीज केंद्र इथे 1969 साली सुरू झाले. कुठल्याही जिन्यात उभे राहून हाक मारा, एखादा आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन ‘कोण?’ म्हणून बाहेर डोकावतो. पण गंमत पाहा. तारापूरला अणूची फोड होऊ लागून अर्धशतक उलटले, बोईसरला दराची फोड अजून व्हायची आहे!

हे सगळे सुचायला निमित्त झाले आमच्या इमारतीच्या वायरिंगचे. इमारत जुनी. ती बांधली तेव्हा घरात दोन पंखे, चार ट्यूबलाइट आणि एक मिक्सर एवढाच विजेचा संसार असे. आता त्याच वायरीवर गीझर, एसी, वॉशिंग मशीन, शेगडी आणि सहा मोबाइल लोंबकळू लागले. बारा बिऱ्हाडांनी ठरवले की वायरिंग नवे करून घ्यायचे. दोन कोटेशने आली.

पहिले आले एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर. पुढच्या बाजूला श्रीगणेशाची कृपा होती आणि मागच्या बाजूला एकच ओळ होती: ‘एका ब्लॉकचे सगळं मिळून 78,000.’ खाली सही.

दुसरे आले छापील, चार पानी, नळीदार फाइलमध्ये. त्यात 43 बाबी होत्या. पाइप किती मीटर, बेंड किती, जंक्शन बॉक्स किती, इतकेच काय, स्क्रूदेखील पाकिटागणिक मांडले होते. शेवटची बाब होती ‘संकीर्ण : 3,500’. जगातल्या सगळ्या वस्तू मोजून झाल्यावरही जे शिल्लक उरते त्याला वेदान्ती लोक माया म्हणतात, एस्टिमेटमध्ये त्याला संकीर्ण म्हणतात. बेरीज होती 81,250.

आता आली का पंचाईत! पहिल्या कागदावर संशय घ्यायला जागाच नव्हती. दुसऱ्यावर 43 जागा होत्या.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी हे निवृत्त हिशेबनीस आहेत. आयुष्यभर दुसऱ्यांची व्हाउचरे तपासल्यामुळे, ज्याचे व्हाउचर नाही ते घडलेच नाही अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यांनी लग्नपत्रिकावाल्या वायरमनला गच्चीवर बोलावले. हा मूळचा चिंचणीचा. वसाहतीतल्या एका कारखान्यात काही वर्षे काढून, परवाना घेऊन आता स्वतःची कामे घेतो. हाताला चांगला, बोलायला त्याहून चांगला.

“हे सगळं मिळून म्हणजे काय काय मिळून?” सेक्रेटरींनी सुरुवात केली.

“म्हणजे काका, तुम्ही बटण दाबायचं आणि दिवा लागायचा. मधलं सगळं माझ्याकडे.”

“त्यातला माल कितीचा? मजुरी किती? तुझा फायदा किती?”

“काका, राग मानू नका हं,” तो अगदी नम्रपणे म्हणाला, “तुमचं पेन्शन किती?”

गच्चीवर शांतता पसरली. दुसऱ्याच्या मिळकतीची चौकशी हा हिशेब, आणि आपल्या मिळकतीची चौकशी हा उद्धटपणा, हा नियम आपण सगळेच पाळतो. वायरमनने संधी साधली.

“सातपाटीची मावशी येते ना खाली पाटी घेऊन? पापलेटचा वाटा मांडते, म्हणते एवढे पैसे. तेव्हा काकूंनी विचारलंय का कधी, की यात डिझेल किती, बर्फ किती, खलाशाची मजुरी किती, तुझे किती? भाव करतात, पटलं तर घेतात. मग मलाच का फोड?”

आम्ही सगळे मासेखाऊ. मुद्दा पोटाला भिडला. पापलेटला 2023 साली महाराष्ट्राने राज्यमासा म्हणून जाहीर केले, त्यामुळे युक्तिवादाला सरकारी वजनही आले. सेक्रेटरी मात्र डगमगले नाहीत.

“अरे, पापलेटचे कल्ले उघडून बघता येतात मला! लाल दिसले तर घेतो, नाहीतर पुढे. तुझी वायर उद्या प्लॅस्टरच्या आत जाणार. तिचे कल्ले कुठे बघू?”

मी मनातल्या मनात सेक्रेटरींना नमस्कार केला. हिशेबनीस माणूस कधी कधी नकळत तत्त्वज्ञान बोलून जातो, आणि बोलून गेल्यावर पुन्हा व्हाउचराकडे वळतो.

वाचकहो, हा वाद बोईसरच्या गच्चीवर जन्मलेला नाही. तो दोन हजार वर्षांहून जुना आहे. रोमच्या सिसेरोने इसवी सनापूर्वी 44 साली आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला, त्यात त्याने असेच एक कोडे घातले आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. धान्याला सोन्याचा भाव आला आहे. अशा वेळी एक सज्जन व्यापारी आलेक्झांड्रियाहून धान्याने भरलेले गलबत घेऊन बंदराला लागतो. वाटेत त्याने आणखी अनेक धान्याची गलबते याच बेटाकडे निघालेली पाहिली आहेत. ती आली की भाव कोसळणार. त्याने हे गिऱ्हाइकांना सांगावे, की गप्प बसून आपला माल चढ्या भावाने विकावा?

सिसेरोने या प्रश्नावर दोन पंडित झुंजवले आहेत. एक बॅबिलोनचा डायोजिनीस. पिंपात राहणारा तो नव्हे, हा निराळा. पिंपात राहणाऱ्याला वायरिंगचा प्रश्नच नव्हता. दुसरा त्याचाच शिष्य अँटिपॅटर. गुरुजी म्हणतात, मालातला दोष कायद्याने सांगायला लावला असेल तेवढा सांगावा, खोटे बोलू नये, बाकी व्यापाऱ्याने व्यापार करावा. न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. शिष्य म्हणतो, विकणाऱ्याला जे ठाऊक ते घेणाऱ्यालाही ठाऊक झाले पाहिजे. मग एका घराचे उदाहरण येते. घर बाहेरून छान, पण आत प्रत्येक खोलीत साप निघतात, लाकूड कुजके आहे, आणि हे फक्त मालकाला ठाऊक. सिसेरो अखेर निकाल देतो की धान्यवाल्याने गप्प बसायला नको होते आणि घरवाल्यानेही.

हे वाचून मला आमचे सेक्रेटरी जिंकल्यासारखे वाटले. पण पुन्हा वाचल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. गुरू-शिष्य इतके भांडले, पण ‘आलेक्झांड्रियात तू हे धान्य काय भावाने उचललेस?’ असे त्या व्यापाऱ्याला दोघांपैकी एकानेही विचारले नाही. सगळा वाद गिऱ्हाइकाला काय घ्यायचे आहे याबद्दल आहे, विकणाऱ्याच्या गाठीला काय राहणार याबद्दल नाही. साप किती ते सांग. सुताराला किती दिलेस ते तुझे तू जाण.

आपल्याकडे मात्र नफ्याचीही उठाठेव झालेली आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात व्यापाऱ्याचा नफा ठरवूनच टाकला: देशी मालावर शेकडा पाच, परदेशी मालावर शेकडा दहा. पण ज्या राजाला नफा ठरवायचा असतो, त्याला व्यापाऱ्यांवर अधिकारी नेमावे लागतात आणि अधिकाऱ्यांवर हेर. आमच्या सोसायटीकडे एक वॉचमन आहे, तोही रात्री झोपतो.

आजच्या सरकारची रीत पाहा. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खाते दरांची जी फोड करते, तीत कंत्राटदाराचा नफा आणि वरखर्च म्हणून 15 टक्के उघड धरलेले असतात. नफ्याची लाज सरकारने काढून टाकली, हे चांगलेच केले. आपल्या महाराष्ट्राच्या बांधकाम खात्याने तर वादाच्या सगळ्या बाजूंसाठी नमुने छापून ठेवले आहेत. ‘बी-1’ म्हणजे सरकारी दरावर इतके टक्के कमी किंवा जास्त, ‘बी-2’ म्हणजे बाबीगणिक दर, आणि ‘सी’ म्हणजे ठोक रक्कम. आमच्या गच्चीवर ‘बी-2’ आणि ‘सी’ यांचीच लढाई चालली होती, फक्त दोघांना ते ठाऊक नव्हते. पण सरकारी कामात आणखी एक चमत्कार घडतो. फोड करून नफा 15 टक्के धरलेला, आणि निविदा येते त्या अंदाजाहून 20 टक्के खाली! मग कंत्राटदार खातो काय? तुम्ही म्हणाल, हा गणिताचा प्रश्न झाला. मला विचाराल तर हा भिंतीचा प्रश्न आहे. जे कागदावर सापडत नाही, ते तिथे शोधावे.

बरे, ठोक रक्कम सांगणारा, म्हणजे ज्याला आपल्याकडे ‘उक्तं काम’ म्हणतात ते घेणारा, हटकून लबाड असतो म्हणावे, तर तेही खरे नाही. उक्त्या कामाचा सर्वांत मोठा नमुना आमच्या दाराशीच उभा आहे. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांचा करार 1964 साली अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीशी झाला, तो ‘टर्नकी’ पद्धतीचा. म्हणजे त्यांनी सगळे उभारून द्यायचे आणि आपण किल्ली फिरवायची. आमच्या चिंचणीकराची भाषाही तीच: मधलं सगळं माझ्याकडे! त्याच सुमाराला अमेरिकेतही ठरीव किमतीत अख्खी अणुकेंद्रे बांधून देण्याची टूम निघाली होती. ती त्या कंपन्यांच्या इतकी अंगाशी आली की 1966 च्या सुमारास त्यांनी तसले सौदे घेणे सोडून दिले. म्हणजे ‘सगळं मिळून’ म्हणणारा नेहमी गिऱ्हाइकालाच बुडवतो असे नाही, कधी कधी तो स्वतः बुडतो. उक्त्या रकमेत तो आपल्या खिशातली जोखीमही विकत असतो, आणि जोखमीची पावती कुठल्या दुकानात मिळते?

आणि तारापूरवरून पुढे आपले आणि अमेरिकेचे जे वाजले, ते बांधकामाच्या किमतीवरून मुळीच नाही. ते वाजले इंधनावरून. इंधन पुरवण्याचे 1963 च्या करारात कबूल झाले होते. 1974 ला पोखरणची चाचणी झाली, 1978 ला अमेरिकेने नवा कायदा केला, आणि पुरवठा अडला. अखेर फ्रान्सकडून इंधन आणण्याची वेळ आली. किल्ली हातात आल्यावर खरी भांडणे सुरू होतात, हे दोन देशांना लागू आणि दोन खोल्यांच्या ब्लॉकलाही लागू. दिवा लागेपर्यंत आपण किमतीबद्दल बोलतो. दिवा विझल्यावर ‘हे कुणी करायचं होतं?’ याबद्दल बोलतो.

आता वाचक म्हणतील, एवढे पुराण कशाला? मागावी सरळ फोड. 43 बाबींचा कागद हाताशी आहेच की!

तर त्या कागदाचीही एक गोष्ट सांगतो. त्यात वायरीच्या बंडलाचा दर लिहिला होता तो छापील. छापील किंमत म्हणजे कमाल किंमत. तिच्याहून जास्त घेणे गुन्हा आहे, पण कमी घेतल्यास कुणी तुरुंगात टाकत नाही. दुकानात तेच बंडल बऱ्याच सवलतीत मिळते हे आमच्या जिन्यातल्या लहान मुलालाही ठाऊक. म्हणजे कागदावरची प्रत्येक ओळ खरी, आणि कागद मात्र खरा नाही. तपशील म्हणजे प्रामाणिकपणा, अशी आपली एक समजूत असते. सोनाराचे बिल पाहा. सोन्याचा भाव वेगळा, वजन वेगळे, घडणावळ वेगळी, कर वेगळा. इतकी फोड दुसरा कुठलाही धंदेवाला देत नाही. तरी पिढ्यानपिढ्या आपण सोनाराकडून निघताना पाटली हातावर तोलून पाहत आलो, आणि शेवटी 2021 पासून सरकारला हॉलमार्क सक्तीचा करावा लागला. हॉलमार्क काय सांगतो? सोनाराला किती सुटले ते नव्हे. पाटलीत सोने किती आहे ते.

फोडीचा दुसरा धोका याहून गंभीर आहे. तो मला पालघरच्या एका स्नेह्यांच्या घरी कळला.

हे स्नेही भाजी घेतानासुद्धा कोथिंबिरीच्या काड्या मोजणारे. त्यांनी वायरमनकडून बाबीगणिक एस्टिमेट घेतले आणि लाल पेन्सिल हातात धरून बसले. दर पाहून पेन्सिल थबकायची, पण वस्तू ओळखीची निघाली की पुढे सरकायची. स्विच ओळखीचा, पंख्याचा रेग्युलेटर ओळखीचा. तेवढ्यात एक ओळ आली: ‘अर्थिंग : खड्डा खणणे, पाइप, कोळसा, मीठ.’

“मीठ?” स्नेही ओरडले. “समुद्र हाकेच्या अंतरावर असताना मी विजेला मीठ विकत घेऊन घालू? आणि खड्ड्यात कोळसा? वायरिंग करतोयस की करणी?”

पेन्सिल फिरली. अर्थिंग गेले. खालच्या ओळीत ‘आरसीसीबी, 30 मिलिअँपियर’ होते. स्नेह्यांनी विचारले, “हे नसलं तर दिवा लागत नाही का?” वायरमन म्हणाला, “लागतो.” पेन्सिल पुन्हा फिरली.

आता त्या दोन ओळी म्हणजे काय? पावसाळ्यात वॉशिंग मशीनच्या पत्र्यात करंट उतरला, तर अर्थिंग त्याला जमिनीची वाट दाखवते. आणि करंट वाट चुकून माणसाच्या अंगातून जाऊ लागला, तर डोळ्याची पापणी लवायच्या आत तो तोडते ते आरसीसीबी. दिवा यांच्याशिवाय लागतो हे खरेच. यांच्याशिवाय माणूस जातो, एवढेच. सबंध एस्टिमेटमध्ये ज्या दोन ओळी जिवासाठी होत्या, नेमक्या त्याच लाल पेन्सिलीने कापल्या. कारण फोड केली की प्रत्येक ओळ सुटी दिसते, आणि सुटे दिसले की ते काढता येईल असे वाटते. पंगतीचा दर ठरवताना आचारी मिठाचे वेगळे पैसे लिहीत नाही. लिहिले असते, तर काटकसरी यजमानांनी अख्ख्या वऱ्हाडाला अळणी जेवू घातले असते.

वायरमन उठला. म्हणाला, “काका, माझ्या मजुरीतनं काय कापायचं ते कापा. पण ह्या दोन ओळी काढायच्या असतील तर दुसरा माणूस बघा. महावितरणला जो टेस्ट रिपोर्ट जातो, त्यावर सही माझी असते. दिवा तुमचा लागतो, जबाबदारी माझ्यावर येते.”

स्नेह्यांनी अर्थातच मजुरी कापली. पण त्या दोन ओळी राहिल्या. मला तो वायरमन मोठा माणूस वाटला. त्याने दाखवून दिले की गिऱ्हाइकाला सगळे सांगणे वेगळे आणि सगळे गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोडणे वेगळे. अर्थिंगचा तपशील द्यावा, पण वगळण्याची सोय देऊ नये.

मग एक तिसरा मार्ग सुचतो आणि तो सर्वांत सोपा वाटतो: माल आपण आणायचा, वायरमनला फक्त मजुरी द्यायची. दर पॉइंटला अमुक. उघड, स्वच्छ व्यवहार! आमच्या शेजाऱ्यांनी तो केला. यादी घेऊन वायरमनसह दुकानात गेले, मीही सोबत होतो. माल निघाला, बिल झाले, पैसे दिले. निघताना वायरमन म्हणाला, “काका, तुम्ही व्हा पुढं, मी स्क्रू मोजून घेतो.”

स्क्रू मोजायला त्याला वीस मिनिटे लागली. परत आला तेव्हा स्क्रू तेवढेच होते, त्याचा चेहरा मात्र उजळला होता.

मला वाटते, सगळ्या वादाची मेख त्या वीस मिनिटांत आहे. वायरमनने 78,000 चे उक्ते काम घेतले आणि दुकानदाराशी घासाघीस करून त्यात पाच हजार जास्त मिळवले, तर ते त्याच्या हुशारीचे. तो मला दिवा विकतो आहे. सातपाटीच्या मावशीने बर्फ स्वस्तात घेतला म्हणून माझा पापलेट नासत नाही. पण ‘मी फक्त मजुरी घेतो, माल तुमच्या पैशाने, तुमच्या वतीने’ असे तो म्हणाला की त्या क्षणी तो विक्रेता राहत नाही, माझा मुनीम होतो. आणि मुनिमाने स्क्रूदेखील माझ्यासमोर मोजावेत. हे काही माझे शोध नव्हेत. आपला करार कायदा 1872 चा आहे, त्यात लिहिलेच आहे की दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करणाऱ्याने धन्याने मागताच नीट हिशेब दिला पाहिजे. दुकानदाराकडून त्याला काही मिळत असेल तर मिळो बापडे. तो माल पारखतो, वाहतो, सदोष निघाला तर बदलून आणतो. पण मग ते मिळते एवढे तोंडाने सांगावे. सांगितले की ते मेहनताना होते. न सांगता घेतले की त्यालाच वीस मिनिटे स्क्रू मोजावे लागतात.

2019 चा ग्राहक संरक्षण कायदा पाहिला तर तोही याच बाजूला झुकलेला दिसतो. ग्राहकाला माहिती मिळण्याचा हक्क कशाची? दर्जाची, प्रमाणाची, शुद्धतेची, किमतीची. पक्के बिल न देणे ही अनुचित प्रथा. विकणाऱ्याच्या नफ्याचे नाव त्या यादीत कुठे नाही. खुद्द कायद्यालासुद्धा कुणाचे पेन्शन विचारावेसे वाटलेले नाही.

गच्चीवरचा तंटा अखेर आमच्या सौभाग्यवतीने मिटवला. ती कपडे वाळत घालायला आली होती. दहा मिनिटे दोन्ही बाजू ऐकून ती वायरमनला म्हणाली, “हे बघ बाबा, भाव तुझा, भिंत आमची. तुला किती सुटतात ते मला नको. भिंतीत काय घालणार तेवढं लिहून दे. आणि काय घालणार नाहीस, तेही.”

त्याने वहीचे एक पान मागितले आणि तिथेच टाकीवर ठेवून लिहिले. पॉइंट किती आणि कुठे. दिव्यांना वायर दीड स्क्वेअर एमएम, पॉवर पॉइंटला अडीच, एसी आणि गीझरला चार. कंपनी अमुक, आयएस 694 चा शिक्का असलेली. एमसीबी किती आणि किती अँपियरचे. आरसीसीबी एक. अर्थिंग नवे. स्क्रू पितळी, कारण खाऱ्या हवेत लोखंडी टिकत नाहीत. मग एक रेघ मारून खाली: भिंतीत झरी मारणे माझ्याकडे, प्लॅस्टर आणि रंग तुमच्याकडे, पंखे तुमचे. वाढीव पॉइंट निघाला तर अमुक रुपये, आणि तो करण्याआधी विचारीन. शेवटी सौ.च्या सांगण्यावरून आणखी एक ओळ आली: प्लॅस्टर चढवण्याआधी घरच्यांनी येऊन बघून जावे. तळाला एकच आकडा, करासकट.

“हे झाले कल्ले!” सेक्रेटरी म्हणाले आणि त्यांनी सही केली. 43 बाबींचा कागद 11 ओळींवर आला. त्यात वायरमनचे पेन्शन नव्हते, आणि भिंतीआड जाणारे काहीही सुटले नव्हते.

काम झाल्यावर त्याने न मागता एक गोष्ट केली. डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला, कोणत्या भिंतीतून वायर कुठून कुठे गेली त्याचा पेन्सिलीने काढलेला नकाशा चिकटवून दिला. त्याचे पैसे लावले नाहीत. मला तो तपशील सबंध कामात सर्वांत मोलाचा वाटतो. दर काय, तांब्याचा भाव हलला की शिळा होतो. आम्ही कितीला करून घेतले हे आणखी दहा वर्षांनी आम्हालाच आठवणार नाही. पण एखाद्या दिवाळीला आमचे भावी जावई सासऱ्यांची तसबीर टांगण्याच्या सद्हेतूने हातोडी घेऊन त्या भिंतीसमोर उभे राहतील. तेव्हा मला किती पैसे पडले होते याच्याशी त्यांना काही कर्तव्य नसेल. खिळा कुठे ठोकू नये, एवढेच त्यांना कळायला हवे. तसबीर माझी एकट्याचीच असावी अशी माझी इच्छा आहे.